बाहेरगावी राहून गावच्या गरजू मुलांची बारावीनंतरची तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न : सत्तरीची, मुक्काम पुणे

सर्व जाणकारांना नमस्कार. मी मूळची सत्तरी तालुक्यातली असून नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाले आहे. वाळपई ओलांडून म्हादईच्या अंगाने आत गेल्यावर जे वाडे लागतात, त्यांपैकी एका गावात आमचे घर आहे. तिथली दहा-बारा मुले यंदा अकरावीत गेली आहेत. निम्मी विज्ञान शाखेत आहेत, बाकीची वाणिज्य आणि कला शाखांत. बहुतेकांच्या घरी हातावर पोट आहे. कुणाचे वडील काजूच्या बागायतीत मजुरीला जातात, कुणाची आई दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत राबते, आणि दोन घरांतल्या कर्त्या माणसांचे ट्रक २०१२ साली खाणी बंद झाल्यावर दारात उभे राहिले, ते २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्यावर विकावेच लागले. यांपैकी एकाही घरात आजवर कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही.

गावाबाहेर पडलेल्या आम्ही चार-पाच जणांनी या मुलांना दुरूनच मदत करायचे ठरवले आहे. एक जण बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, एक पणजीत बँकेत, एक व्यापारी जहाजावर, आणि एक मैत्रीण मडगावला फार्मासिस्ट आहे. शनिवार-रविवारी सकाळी दोन-दोन तास ऑनलाइन शिकवणी घ्यावी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आपसांत वाटून घ्यावे, आणि जमल्यास जेईई (अभियांत्रिकी) व नीट (वैद्यकीय) या प्रवेशपरीक्षांची तयारीही करून घ्यावी, असा आमचा बेत आहे. प्रत्यक्ष गावात राहणारे मात्र आमच्यापैकी कुणीच नाही.

माझ्या मनातल्या शंका अशा आहेत. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या आणि सांग्याच्या बाजूची मुले नेटवर्कसाठी डोंगरावर चढून बसत होती. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही पाठोपाठ मान टाकतो. शिवाय बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. अशा स्थितीत थेट शिकवणी टिकेल का? आमच्यापैकी कुणीही पेशाने शिक्षक नाही, तेव्हा शिकवण्याच्या भरीस पडावे की दुसऱ्या कुठल्या कामात आमचा अधिक उपयोग होईल? आणि शिष्यवृत्त्या, दाखले, प्रवेशअर्ज यांची माहिती मुलांपर्यंत वेळेत पोहोचवायची झाल्यास सुरुवात केव्हापासून करावी? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांना अशी मदत मिळाली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, फोंडा

तुमचा हेतू स्तुत्य आहे, पण शनिवार-रविवारच्या शिकवणीचा बेत मी तुमच्या जागी असते तर मुळातूनच बदलला असता. उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्या अनुभवावरून सांगते की चांगल्या व्याख्यानांचा आज तुटवडा राहिलेला नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आयआयटी कानपूरकडून तयार करून घेतलेले ‘साथी’ हे संकेतस्थळ २०२३ पासून चालू आहे आणि त्यावर जेईई-नीटची व्याख्याने व सराव चाचण्या विनामूल्य मिळतात. ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांना जोडलेले साहित्य आहे, एनसीईआरटीची पुस्तके उतरवून घेता येतात, आणि ज्या घरात इंटरनेट नसले तरी दूरदर्शनची मोफत डिश आहे, तिथे स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या दिसतात. हे सगळे असताना एका बँक अधिकाऱ्याने रविवारी सकाळी, तुटत-तुटत येणाऱ्या आवाजात, प्रक्षेप्य गती शिकवण्यात काय हशील आहे?

मुलांना मिळत नाही ते हे की, आपली वही कुणी ओळीने वाचून पाहावी. एक उदाहरण देते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी बस ब्रेक दाबल्यावर पाच सेकंदांत थांबली, तर तेवढ्या वेळात ती किती अंतर गेली, हे गणित अकरावीच्या पहिल्या महिन्यात येते. वेग सेकंदाला २० मीटर, सरासरी वेग त्याच्या निम्मा, म्हणून उत्तर ५० मीटर. आता एखादा मुलगा सूत्र बिनचूक लिहितो, पायऱ्या नीटनेटक्या मांडतो आणि १८० मीटर उत्तर काढतो, कारण ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे त्याला सुचलेलेच नसते. व्हिडिओमधल्या सरांना हे कधीच कळणार नाही. वर्गात साठ मुले असली की वर्गशिक्षकालाही कळेलच असे नाही. ते फक्त चूक अशी फुली मारून पुढे जातात. मात्र ज्याने वहीचे पान पाहिले आहे, तो त्या मुलाला विचारू शकतो की, बाबा रे, पाच सेकंदांत बस एवढी लांब जाईल का? हा प्रश्न विचारायला बी.एड. लागत नाही. तुमची फार्मासिस्ट मैत्रीण तो उत्तम प्रकारे विचारू शकेल.

म्हणून माझी सूचना अशी की, तुमच्यापैकी प्रत्येकाने दोन किंवा तीन मुले आपली म्हणून घ्यावीत. मुलाने रोज चार-पाच गणिते कागदावर सोडवावीत, पानाचा फोटो काढून रात्री वडील घरी आल्यावर पाठवावा, आणि तुम्ही सवडीने तपासून, जिथे गाडी अडली असेल तिथे लाल खूण करून, दोन मिनिटांचा आवाजी संदेश परत पाठवावा. याला डेटा नगण्य लागतो, आणि रात्री वीज गेली तरी फोटो सकाळी पोहोचतो. थेट भेटीचा बाऊ करावा लागत नाही.

पहिले तीन महिने अकरावीचा अभ्यासक्रम पुढे रेटण्याचा मोह टाळा. घातांक, अपूर्णांकांतली बीजगणिती समीकरणे, त्रिकोणमितीची प्राथमिक सूत्रे आणि आलेख वाचणे एवढे पक्के करून घेतले तर पुढचे निम्मे भौतिकशास्त्र आपोआप सुटते. जोडीला वाचनाकडे लक्ष द्यावे लागेल. आपल्याकडची ही मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेली आणि पाचवीपासून इंग्रजीत टाकलेली असतात, त्यामुळे अनेकांना पुस्तकातली व्याख्या तोंडपाठ असते, पण त्याखालचा परिच्छेद त्यांनी कधी वाचलेला नसतो. आठवड्यातून एकदा मुलाने पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद फोनवर वाचून दाखवावा आणि त्यात काय म्हटले आहे ते आपल्या भाषेत सांगावे. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही हे तितकेच लागू आहे. त्यांना विसरू नका, कारण अशा उपक्रमांत सगळे लक्ष विज्ञानाच्या मुलांकडे जाते आणि बाकीची नावालाच यादीत उरतात.

नीट किंवा जेईई मराठीतून द्यावी का, असा प्रश्न पालक हटकून विचारतील. दोन्ही परीक्षांना मराठीचा पर्याय आहे, पण ज्याने अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून केले आहे, त्याला परीक्षेच्या दिवशी मराठी परिभाषा नवखी वाटते, तेव्हा या फंदात न पडणे बरे.

एक शेवटचे. वर्षाचे वेळापत्रक पुण्याच्या दिनदर्शिकेवर आखू नका. फेब्रुवारी संपता संपता काजूचा हंगाम लागतो, आणि बारावीची परीक्षा, जेईईचे एप्रिलचे सत्र व मे महिन्यातली नीट या सगळ्यांवर तो नेमका येऊन आदळतो. त्या दिवसांत पहाटे बोंडू वेचायला घरातले झाडून सगळे जातात, आणि ते चुकवा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण वर्षाची बेगमी त्यातूनच होते. नवीन भाग डिसेंबरअखेर संपवून पुढे केवळ उजळणी ठेवली, तर मूल बागायतीतून आल्यावरही दोन तास बसू शकते.

उत्तर २ : काणकोणचा विद्यार्थी

ताई, नमस्कार. मी फर्मागुढीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मीच पहिला, आणि मला अकरावीपासून मडगावचे एक दादा फोनवरून मार्गदर्शन करीत होते, म्हणून लिहितो.

बाईंनी वहीबद्दल जे लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. केवळ फोटो आणि आवाजी संदेश यांवर काम ठेवले, तर दिवाळीपर्यंत निम्मी मुले गळतील. अभ्यास झाला नाही की मुलगा फोटो पाठवत नाही, एकदा पाठवला नाही की दुसऱ्या दिवशी पाठवायची लाज वाटते, आणि तिसऱ्या दिवसापासून तो संदेश उघडूनही बघत नाही. आमचे दादा दर रविवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळेला साधा फोन करायचे, व्हिडिओ वगैरे काही नाही. अभ्यास झालेला असो वा नसो, फोन यायचाच. कधी कधी आम्ही फक्त मासळी आणि फुटबॉलवर बोललो असू. पण पुढच्या रविवारी पुन्हा फोन येणार हे माहीत असल्यामुळे मी आठवडाभर काहीतरी करून ठेवायचो. त्यामुळे फोटो रोज असोत, पण आठवड्याचा एक फोन चुकवू नये.

दुसरे म्हणजे, मुले गटात शंका विचारणार नाहीत. दहा जणांसमोर आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने सगळे जण ‘समजले’ असे लिहून मोकळे होतात. शंकेला जागा एकट्याच्या फोनवरच मिळते.

तिसरी गोष्ट पैशांची. आमच्या वर्गात हुशार मुले होती, पण एनआयटी किंवा आयआयटीचे शुल्क ऐकूनच त्यांनी तो विषय सोडून दिला. वस्तुस्थिती अशी आहे की, आयआयटी व एनआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते. इतरांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास पूर्ण आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोनतृतीयांश शुल्क माफ होते. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, तो कमी नाही, पण शुल्काचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण राहत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, तरी या सवलती घरोघरी अजून माहीत नाहीत. त्यात एनआयटी गोवा आता कुंकळ्ळीला आहे आणि तिथे गृहराज्यातील मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. गृहराज्य हे बारावी कुठून उत्तीर्ण झाली यावरून ठरते, त्यामुळे गोवा मंडळातून बारावी करणाऱ्या मुलाला हा लाभ आपसूक मिळतो. मात्र बारावीत ७५ टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के गुणांची अट असते, म्हणून जेईईच्या नादात मंडळाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष झाले तर हातचे जाते.

जेईई संगणकावर होते, हे मुलांना माहीत असते, पण संगणकावर तीन तास बसण्याची सवय नसते. फोनवर चाचण्या दिलेल्या मुलाला परीक्षाकेंद्रावर माऊस धरून पुढच्या प्रश्नावर जाताना, सोडलेल्या प्रश्नाकडे परत येताना वेळ लागतो, आणि कच्च्या कागदावरची आकडेमोड व पडद्यावरचा प्रश्न यांत नजर सतत वर-खाली करावी लागते. शाळेच्या संगणक कक्षात महिन्यातून एकदा तरी पूर्ण वेळेची चाचणी द्यायला मिळावी, म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी मुख्याध्यापकांशी बोलावे. मुलांनी विचारले तर ‘बघू’ म्हणतात. पुण्याहून कुणी विचारले तर किल्ली मिळते.

आणि कृपया पुस्तके पाठवू नका. गाइडांचे गठ्ठे आमच्या घरी अजून पडून आहेत. त्याऐवजी वर्षभराचे रिचार्ज करून द्या.

उत्तर ३ : दाखले-दप्तर, डिचोली

माझे ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे केंद्र आहे. अभ्यासाबद्दल मी बोलणार नाही, पण जून-जुलैमध्ये माझ्या दुकानासमोर जी मुले रडकुंडीला येऊन उभी असतात, त्यांतली बहुतेक अभ्यासात कमी पडलेली नसतात, कागदपत्रांत अडकलेली असतात. हे काम बाहेरगावी बसून उत्तम होते, किंबहुना गावात राहणाऱ्यापेक्षा बाहेरचा माणूस ते अधिक शिस्तीने करील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि जन्मदाखल्यावर मुलाचे, वडिलांचे आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, हे आजच तपासा. आपल्याकडे गांवकर, गावस, नाईक ही आडनावे एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. राष्ट्रीय परीक्षांच्या अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव लागते आणि आधारशी पडताळणी होते, तेव्हा आधार दुरुस्त करून घेणे हा सोपा मार्ग. ते काम अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत उरकावे. मूळ नोंदीतच नाव बदलायचे असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे आणि ती प्रक्रिया वेळ खाते, तेव्हा बारावीच्या मे महिन्यात ती सुरू करण्यात अर्थ नाही.

दुसरे, ईमेल आणि मोबाइल क्रमांक. केंद्रावर अर्ज भरणारा माणूस घाईत स्वतःचाच ईमेल आणि क्रमांक टाकतो, आणि पुढे ओटीपी मागितला की मुलगा त्याला शोधत फिरतो. प्रत्येक मुलाचा स्वतःचा ईमेल तुम्ही फोनवर बसून उघडून द्या, पासवर्ड एका वहीत घरीच लिहून ठेवायला सांगा, आणि आधारला जोडलेला क्रमांक चालू आहे ना ते पाहा. रिचार्ज संपून बंद पडलेला क्रमांक आधारला जोडलेला असणे ही नित्याची गोष्ट आहे. काणकोणच्या विद्यार्थ्याने रिचार्जचा मुद्दा मांडला, त्याला माझेही अनुमोदन.

तिसरे, दाखले. उत्पन्नाचा दाखला आणि निवासाचा दाखला मामलेदार कार्यालयाकडून मिळतो. ‘गोवा ऑनलाइन’वरून अर्ज करता येतो, पण तलाठ्याच्या चौकशीसाठी कुणीतरी घरी असावे लागते. इतर मागासवर्गीय क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा दाखला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला हे केंद्रीय संस्थांच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले असावे लागतात, आणि तेही केंद्राच्या विहित नमुन्यात. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन मुले येतात आणि प्रवेशफेरीच्या खिडकीवरून परत फिरतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या दाखल्यांचे अर्ज टाकणे, हे काम तुम्ही आपल्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवा.

चौथे, बँक खाते. शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात येते आणि खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे व आधारशी संलग्न असावे लागते. आईच्या खात्याचा क्रमांक दिल्यामुळे मंजूर झालेली रक्कम अडकून पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या गटात बँकेतले गृहस्थ आहेतच. हे खात्याचे काम त्यांच्याकडे द्या.

आता योजनांविषयी. बारावीत आपल्या मंडळात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल १२,००० आणि पदव्युत्तरसाठी २०,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. नूतनीकरण विसरल्याने दुसऱ्या वर्षी ती बंद पडते, हे सांगायला मुलाजवळ कुणी नसते. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आदिवासी कल्याण खात्याच्या मॅट्रिकोत्तर योजना आहेत, त्यांत ‘गगन भरारी’चे नाव मुलांनी ऐकलेले असते, पण अर्ज केलेला नसतो. शिवाय गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाची योजना आहे. कर्ज हा शब्द ऐकून आपले लोक मागे सरतात, तेव्हा पालकांना ती नीट समजावून सांगावी लागते. तुमच्या गावात आठवीतली मुले असतील, तर त्यांना आताच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. उत्तीर्ण झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. अकरावीतल्या मुलांसाठी ती गाडी निघून गेली.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचे त्या वर्षीचे प्रॉस्पेक्टस पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तुमच्यापैकी एकाने वाचावे. कुठल्या अभ्यासक्रमाला जीसीईटी ही गोव्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा, कुठल्याला जेईई मेन आणि कुठल्याला नीट, हे गेल्या वर्षीच्या मुलांना विचारून ठरवू नका, नियम बदलत आले आहेत.

आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू देऊ नका. ओटीपी तुम्हीसुद्धा मागू नका. जे करायचे ते मुलाने स्वतःच्या बोटाने करावे आणि तुम्ही फोनवर सोबत असावे.

उत्तर ४ : सांग्याचा एक बाप

आपण सगळी शिकलेली माणसे आहात, म्हणून जरा भीतभीत लिहितो. या चर्चेत जेईई आणि नीट हे दोन शब्द फार वेळा आले. आमच्या भागात दोन वर्षे त्या परीक्षांच्या मागे लागून, शेवटी काहीच न जमता घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. माझ्या मोठ्या मुलाने दहावीनंतर कुडचड्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका केली आणि तिथून तो अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. त्याला जेईई द्यावी लागली नाही आणि मधल्या काळात त्याला हाताने काम करता येऊ लागले. तुमच्या गावातली जी मुले अजून नववी-दहावीत आहेत, त्यांना हा रस्ता दाखवा.

ज्या मुलांचे आयुष्य कुळागरात गेले आहे, त्यांना शेतीचे रीतसर शिक्षण गोव्यातच, केपे तालुक्यातल्या सुळकर्णे येथे मिळते, हे कुणी सांगत नाही. बांबोळीला परिचारिकांचे शिक्षण आहे. साखळी, खांडोळा, केपे आणि पेडण्यात विर्नोडा येथे शासकीय महाविद्यालये आहेत, आणि साधी पदवी घेणे यात कमीपणा नाही. २०२३ पासून पदवीचा चार वर्षांचा नवा आराखडा लागू झाला आहे. त्यात विषयांची निवड आधीच करावी लागते आणि तिथेच मुले गोंधळतात. तुमच्या सत्तरीच्या मुलांना साखळी जवळ पडेल. कदंब या सरकारी बससेवेचा सवलतीचा पास, सकाळची बस किती वाजता, संध्याकाळची शेवटची बस चुकली तर पोरीने कुठे थांबावे, हे प्रश्न आम्हा आई-बापांना अभ्यासक्रमाआधी पडतात. मुलगी हुशार असूनही जवळचे महाविद्यालय म्हणून भलतीच शाखा घेतली जाते, ती याच कारणाने.

आणखी एक विनंती आहे. आमच्याशीही बोला. मुलांना फोन करून आम्हाला टाळले, तर आम्हाला वाटते की पुण्याची माणसे आमच्या पोरांच्या डोक्यात काहीतरी भरवत आहेत. रात्री आठनंतर आम्ही मोकळे असतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर : सत्तरीची, मुक्काम पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काल रात्री आपसांत बोलून शनिवार-रविवारच्या शिकवणीचा बेत रद्द केला. प्रत्येकाकडे दोन-तीन मुले, रोजचे वहीचे पान, रविवारचा फोन आणि महिन्यातून एकदा पालकांशी बोलणे, असे ठरले आहे. दाखल्यांच्या तारखा मी सांभाळणार आहे. वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांसाठी पणजीच्या मित्राने पुढाकार घेतला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मुले अल्पवयीन आहेत आणि त्यांत मुली जास्त आहेत. एकट्या मुलीशी एकट्या पुरुष मार्गदर्शकाने रोज फोनवर बोलणे गावात कसे पाहिले जाईल? आणि आमच्यातले जे मित्र जहाजावर असतात, ते सहा-सहा महिने संपर्काबाहेर जातात, त्यांच्याकडे मुले सोपवावीत का?

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, फोंडा

पहिली शंका तुम्ही विचारलीत हे बरे केले. मुलींसाठी मार्गदर्शक स्त्रियाच असाव्यात. तुमच्यात त्या दोघीच असल्या तर कुठल्यातरी महाविद्यालयात शिकणारी सत्तरीचीच एखादी मुलगी जोडीला घ्या, तिला याचा अनुभव म्हणूनही उपयोग होईल. मुलगा असो वा मुलगी, फोन आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावरच करावा आणि घरच्यांना ऐकू येईल असा स्पीकर लावून बोलावे. वहीच्या पानांसाठी जो व्हॉट्सॲप गट कराल, त्यात प्रत्येक मुलाचा एक पालक आणि त्यांच्या शाळेतले एक शिक्षक असू द्या. काणकोणच्या विद्यार्थ्याचे म्हणणे मला पटले आहे, शंका एकट्यानेच विचारल्या जातात; पण एकट्याने म्हणजे घरच्यांच्या अपरोक्ष असे होऊ नये.

जहाजावरच्या मित्राकडे मुले सोपवू नका, मध्येच माणूस तुटला की मूल मनातून खचते. त्यांच्याकडे वर्षभराच्या रिचार्जचा आणि परीक्षेच्या दिवशी केंद्रापर्यंतच्या गाडीचा खर्च द्या, कारण पहाटे निघणाऱ्या मुलाला वेळेवर पोहोचवील अशी बस आतल्या गावांतून असतेच असे नाही. बाकी प्रत्येक मुलामागे एक मुख्य आणि एक राखीव मार्गदर्शक ठरवून ठेवा, म्हणजे कुणाची बदली झाली, कुणाचे लग्न ठरले, तरी रविवारचा फोन थांबणार नाही.

आणि पहिली बैठक ऑनलाइन घेऊ नका. चतुर्थीला तुम्ही सगळे गावी याल, बेंगळुरूचेही येतील. आरत्या आटोपल्यावर देवळाच्या अग्रशाळेत किंवा कुणाच्या ओसरीवर पालकांना आणि मुलांना एकत्र बसवा, सांग्याच्या गृहस्थांनी विचारलेले बसचे आणि वसतिगृहाचे प्रश्न आधी घ्या, आणि येताना प्रत्येकाने दहावीची गुणपत्रिका व आधार कार्ड बरोबर आणावे असा निरोप आधीच पाठवा. नावांची तपासणी तिथल्या तिथे होऊन जाईल.